हाड घडताना पेशी मारणाऱ्या विकरांचे नेमके काम काय?

जीवशास्त्र_शिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. लांब हाडांची वाढ समजावताना आपण सर्वजण साधारण असेच सांगतो, की गर्भात आधी कूर्चेचा साचा तयार होतो, त्या साच्यातील पेशी फुगतात आणि मरतात, मोकळ्या झालेल्या जागेत रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्याबरोबर आलेल्या पेशी तिथे हाड घालतात. पेशींचा पूर्वनियोजित मृत्यू हा विषय मात्र वेगळ्या प्रकरणात येतो, आणि तिथे कॅस्पेज या विकरांचा उल्लेख बोटांमधला पडदा नाहीसा होण्याच्या उदाहरणापुरताच राहतो. ही दोन्ही प्रकरणे जोडून पाहण्याची वेळ एका विद्यार्थिनीमुळे आली. तिने विचारले, की कॅस्पेज काम करेनासे झाले तर पेशी मरणार नाहीत, पेशी मेल्या नाहीत तर ऊती वाढेल, मग अशा प्राण्याचे हाड अधिक जाड आणि भक्कम का होऊ नये?

तर्क वरवर पाहता बिनचूक वाटतो. पण शोधाशोध केली तेव्हा उलटेच चित्र दिसले: कॅस्पेज-३ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांमध्ये हाड उशिरा तयार होते आणि त्याची घनताही कमी भरते. मृत्यू घडवणारे विकर काढून घेतले की हाड कमी का होते, हे मला तिला पायरीपायरीने सांगायचे आहे. माणसाच्या एखाद्या आजाराशी याचा थेट संबंध दाखवता आला तर फारच उत्तम. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पेशीविज्ञान_संशोधक

मॅडम, विद्यार्थिनीच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते बाहेर काढले की अर्धे उत्तर हाती येते. पेशी मेल्या नाहीत तर ऊती वाढेल हे खरे, पण कोणती ऊती? लांब हाडाच्या टोकाशी ज्या पेशींनी मरायचे असते त्या कूर्चेच्या पेशी आहेत. त्या मागे राहिल्या तर कूर्चा वाढेल, हाड वाढणार नाही. स्लॅब भरल्यावर खालचे सेंटरिंग वेळेवर उतरवले नाही, तर स्लॅब अधिक भक्कम होत नाही; खालची खोली तेवढी अडून राहते. कूर्चेचे तसेच आहे.

आता विकरांकडे येऊ. पेशी ठरलेल्या पद्धतीने, शेजाऱ्यांना इजा न करता मरतात, या प्रक्रियेला केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली ॲपॉप्टोसिस हे नाव दिले. ती कोण घडवून आणते याचा उलगडा एका लहानशा गोलकृमीवरून झाला. त्या कृमीच्या वाढीत शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात; प्रत्येक कृमीत त्याच १३१. या मृत्यूसाठी आवश्यक असलेले एक जनुक सस्तन प्राण्यांमधील प्रथिने कापणाऱ्या एका विकराशी जुळते, हे १९९३ साली दिसून आले आणि त्यातून कॅस्पेज हे कुटुंब ओळखले गेले. कृमीवरील या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही विकरे पेशीत आधीपासूनच असतात, पण निष्क्रिय रूपात. प्रथिनाच्या साखळीत ॲस्पार्टिक आम्ल जिथे येते, त्याच्या लगेच पुढे ती साखळी कापतात, आणि स्वतःही अशाच कापण्याने सक्रिय होतात. कॅस्पेज-८ आणि कॅस्पेज-९ ही सुरुवात करणारी आहेत. पेशीच्या बाहेरून, पृष्ठभागावरील ग्राहकामार्फत (संदेश पकडणाऱ्या प्रथिनामार्फत, म्हणजे रिसेप्टरमार्फत) आदेश आला तर तो कॅस्पेज-८ कडे जातो. आतून, म्हणजे तंतुकणिकेतून (मायटोकॉन्ड्रियातून) सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडले तर कॅस्पेज-९ जागे होते. दोन्ही वाटा पुढे कॅस्पेज-३, कॅस्पेज-६ आणि कॅस्पेज-७ या अंमलबजावणी करणाऱ्या विकरांपाशी येऊन मिळतात, आणि मग पेशीचा सांगाडा, केंद्रकाचे आवरण, डीएनए सांभाळणारी प्रथिने असे सगळे शिस्तीत कापले जाते.

ग्रोथ प्लेटमध्ये हे कुठे बसते ते पाहू. हाडाच्या टोकाशी असलेल्या या पट्टीत पेशींच्या उभ्या रांगा असतात. टोकाकडच्या पेशी विश्रांतीत असतात, त्यांच्याखालच्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या पेशी विभाजित होत असतात, आणि त्यांच्याही खाली पेशी विभाजन थांबवून फुगू लागतात. फुगलेल्या पेशीचे आकारमान मूळच्या सुमारे दहापट होते. उंची वाढण्यात या फुगण्याचा वाटा फार मोठा आहे. या पेशी दहाव्या प्रकारचे कोलॅजेन तयार करतात, आपल्याभोवतीचा पदार्थ खनिजयुक्त करतात, रक्तवाहिन्यांना बोलावणारे व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात, आणि सर्वांत खालच्या ओळीत पोहोचल्यावर त्यांच्यातील बऱ्याच जणी मरतात. पेशी गेल्यावर आडव्या पातळ भिंती विरघळतात आणि उभ्या, खनिजयुक्त भिंती उरतात. या उभ्या भिंतींवरच ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घालणाऱ्या पेशी, हाडाचा पहिला थर चढवतात. म्हणून खालची ओळ रिकामी होणे आणि वरच्या ओळीने तिच्या जागी येणे या दोन्ही गोष्टींचा वेग जुळला पाहिजे. पट्टीची जाडी निरोगी मुलात जवळजवळ स्थिर राहते, ती या जुळण्यामुळेच.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. पट्टी जाड झाली की केवळ कॅस्पेजच बिघडले असे म्हणता येत नाही. उंदरांत व्हीईजीएफ अडवले, किंवा कूर्चेचा पदार्थ विरघळवणारे एमएमपी-९ हे विकर काढून टाकले, तरी फुगलेल्या पेशींचा थर वाढतो, कारण रक्तवाहिन्यांना आत शिरता येत नाही. मृत्यू, विरघळणे आणि रक्तवाहिनीचा शिरकाव हे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि यातले एक अडले की बाकीचे खोळंबतात.

तुम्ही उल्लेख केलेल्या कॅस्पेज-३ च्या उंदरांचे उत्तर मात्र एवढ्याने पूर्ण होत नाही. त्यांच्यात हाड घालणाऱ्या पेशीच नीट तयार होत नाहीत, आणि ती वेगळी, माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट आहे. त्यावर नंतर लिहीन.

बालरोगतज्ज्ञ_नाशिक

मॅडम, माणसाच्या आजाराशी थेट संबंध हवा असेल तर दूर जायला नको. मुडदूस हाच तो आजार.

मुडदूस म्हणजे ड जीवनसत्त्वाची किंवा कॅल्शियमची कमतरता आणि त्यामुळे वाकलेले पाय, असे आपण सगळे शिकलो. ते खरेच आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या आहेत आणि तुमच्या प्रश्नासाठी त्या सुट्या केल्या पाहिजेत. नव्याने घातलेल्या हाडात पुरेसे खनिज बसत नाही, म्हणून हाड मऊ राहते आणि वजनाने वाकते, ही एक गोष्ट. मनगटे रुंद आणि जाड होतात, बरगड्यांच्या टोकांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी हाताला लागतात, ही दुसरी. मनगटाची ही सूज हाडाची नसते. ती ग्रोथ प्लेटमध्ये साचलेल्या कूर्चेची असते.

मनगटाचा एक्स-रे समोर धरून पाहा. निरोगी मुलात लांब हाडाचा शेवट एका स्वच्छ, पांढऱ्या, ठळक रेषेने होतो. मुडदुसाच्या मुलात ती रेषाच नसते. हाडाचा शेवट बशीसारखा खोलगट होतो, कडा पसरतात, कापडाची किनार उसवावी तसा तो झिरमिळ्यांचा दिसतो, आणि हाडाचा शेवट व त्याच्या टोकाची गाठ यांच्यातील काळी फट नेहमीपेक्षा बरीच रुंद असते. ही काळी फट म्हणजेच एक्स-रेमध्ये न दिसणारी कूर्चा, म्हणजेच वेळेवर न मेलेल्या फुगीर पेशींचा थर. उपचार लागू पडला की काही आठवड्यांत त्या टोकाशी पांढरी रेषा पुन्हा उमटते.

आता या पेशी मरत का नाहीत? याचे उत्तर बोस्टनमधील मारी डीमे यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून मिळाले, आणि त्यातील युक्तिवाद इतका स्वच्छ आहे की तो अकरावीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल. ड जीवनसत्त्वाचा ग्राहक नसलेल्या उंदरांना मुडदूस होतो, आणि त्यांच्या फुगीर पेशींचा ॲपॉप्टोसिस मंदावलेला असतो, हे आधी माहीत होते. पण त्या उंदरांना कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असलेला विशेष आहार दिला की ग्राहक नसतानाही मुडदूस होत नाही. याचा अर्थ ड जीवनसत्त्व कूर्चेच्या पेशीवर थेट काम करत नव्हते. रक्तातील क्षारांचा बिघाड हे कारण होते. मात्र बिघाड तीन होते: कॅल्शियम कमी, फॉस्फेट कमी आणि पॅराथायरॉइड संप्रेरक जास्त. या तिघांपैकी गुन्हेगार कोण?

संशोधकांनी आणखी दोन प्रकारचे उंदीर घेतले. एका गटाला असा आहार दिला, की फॉस्फेट कमी झाले पण कॅल्शियम उलट वाढले आणि त्यामुळे पॅराथायरॉइड संप्रेरक दबले गेले. दुसऱ्या गटात फेक्स नावाच्या जनुकात बिघाड होता. त्यांचे फॉस्फेट कमी, पण कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक नेहमीसारखे. तिन्ही प्रकारच्या उंदरांत फुगीर पेशींचा थर वाढलेला होता. फळ्यावर तीन रकाने करा आणि विद्यार्थ्यांना विचारा, की तिन्हीकडे समान काय आहे. उत्तर एकच येते: फॉस्फेटची कमतरता. पुढे पेशींवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की फॉस्फेट मिळाल्यावर फुगीर पेशींमधील तंतुकणिकेची वाट उघडते आणि कॅस्पेज-९ सक्रिय होते. फॉस्फेट नसेल तर हा आदेशच सुटत नाही.

आता आपल्याकडच्या मुलांकडे या. ड जीवनसत्त्व कमी पडले की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते, आणि हे संप्रेरक मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकायला लावते. आहारात कॅल्शियम फार कमी असलेल्या मुलांतही साखळी इथूनच पुढे जाते. म्हणजे कमतरता कशाचीही असो, ग्रोथ प्लेटपर्यंत पोहोचताना ती फॉस्फेटची कमतरता होऊन पोहोचते. उन्हाच्या देशात मुडदूस कसा, असे पालक नेहमी विचारतात. दाट वस्तीतील अंधारी घरे, बाळाला उन्हात नेण्याची टाळाटाळ, आईलाच असलेली कमतरता आणि आहारातील कॅल्शियमचा अभाव ही कारणे एकत्र आली की ऊन असून उपयोग नसतो. म्हणूनच तान्ह्या बाळांना रोज ४०० एकक ड जीवनसत्त्वाचे थेंब द्या, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ते थेंब कृपया बंद करू नयेत.

फेक्स जनुकाचा बिघाड माणसांतही असतो, साधारण वीस हजार जन्मांत एक. त्यात हाडातील पेशी एफजीएफ-२३ हे संप्रेरक जास्त सोडतात आणि फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाते. अशा मुलाला ड जीवनसत्त्वाचे कितीही डोस दिले तरी मनगटाची फट भरत नाही. वर्षानुवर्षे फॉस्फेटचे द्रावण दिवसातून अनेकदा आणि सोबत कॅल्सिट्रायॉल (ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप) एवढाच उपचार होता. २०१८ पासून एफजीएफ-२३ ला अडवणारे बुरोसुमॅब हे औषध काही देशांत मान्य झाले, पण त्याची किंमत आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. मुडदुसाच्या नेहमीच्या उपचाराला प्रतिसाद न देणाऱ्या मुलाचे फॉस्फेट तपासायला हवे. हे वाक्य मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगतो आणि इथेही लिहून ठेवतो.

ऊतिशास्त्र_प्राध्यापक

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. एका मुद्द्यावर मात्र मला हरकत नोंदवायची आहे. फुगीर पेशी मरतात हे विधान पाठ्यपुस्तकांत इतक्या निःशंकपणे येते, की दुसरी शक्यता विद्यार्थ्यांना कळतच नाही. २०१४ साली हाँगकाँग आणि ह्यूस्टन येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच प्रयोग केला. दहाव्या प्रकारचे कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना, म्हणजे फुगीर पेशींना, त्यांनी जनुकीय युक्तीने कायमची खूण केली. ती खूण त्या पेशीच्या सर्व संततीत उतरते. पुढे ही खूण हाडाच्या आत, ऑस्टिओब्लास्टमध्ये आणि हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइटमध्येही सापडली. म्हणजे फुगीर पेशींपैकी काही मरत नाहीत. त्या रूप बदलून हाड घालणाऱ्या पेशी होतात.

किती मरतात आणि किती रूप बदलतात, हे प्राण्याच्या वयावर आणि हाडाच्या जागेवर अवलंबून दिसते, त्यामुळे एकच आकडा सांगण्याचा मोह टाळावा. मुडदुसाचे स्पष्टीकरण यामुळे कोसळत नाही, कारण थर साचतो हे डोळ्यांनी दिसते. परंतु 'प्रत्येक फुगीर पेशी कॅस्पेजच्या हातून मरते' असे फळ्यावर लिहू नये, अशी माझी मॅडमना आग्रहाची विनंती आहे.

जीवशास्त्र_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितलेली तीन रकान्यांची मांडणी मी जशीच्या तशी वापरणार आहे. प्राध्यापकांची हरकतही पटली.

आता पहिल्या प्रतिसादात अर्धवट राहिलेल्या मुद्द्याबद्दल विचारते. कॅस्पेज-३ नसलेल्या उंदरांत हाड घालणाऱ्या पेशीच नीट तयार होत नाहीत, असे आपण लिहिले आहे. मारण्यासाठी असलेले विकर पेशी घडवायला कसे लागते? आणि दुसरे असे, की वाढत्या वयात हाड झिजते तेव्हा ऑस्टिओब्लास्ट मरतात म्हणून झिजते, असे वाचले आहे. मग कॅस्पेज रोखणारे औषध दिले तर हाड वाचणार नाही का? हा प्रश्न माझी विद्यार्थिनी नक्की विचारणार आहे.

पेशीविज्ञान_संशोधक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर प्रयोगाने दिलेले आहे आणि ते अनपेक्षित आहे. मिउरा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली कॅस्पेज-३ नसलेल्या उंदरांवरचे जे काम प्रसिद्ध केले, त्याच कामात त्यांनी अंडाशय काढलेल्या माद्यांना, म्हणजे रजोनिवृत्तीनंतरच्या झिजेचा नमुना असलेल्या उंदरांना, कॅस्पेज-३ रोखणारे द्रव्य दिले. हाड वाचले नाही. झीज अधिक वेगाने झाली.

याचे कारण तुमच्या पहिल्या प्रश्नात आहे. अस्थिमज्जेत आधारपेशींचा एक साठा असतो आणि त्यातील मूलपेशींपासून ऑस्टिओब्लास्ट तयार होतात. कॅस्पेज-३ नसलेल्या उंदरांत टीजीएफ-बीटा या संदेशाचा मार्ग गरजेपेक्षा जास्त सक्रिय राहतो, पेशीचक्र थांबवणारी पी-५३ आणि पी-२१ ही प्रथिने वाढतात, आणि या मूलपेशी अकाली म्हाताऱ्या होतात. त्या जिवंत असतात, पण हाड घालणाऱ्या पेशीत त्यांचे रूपांतर होत नाही. म्हणून विद्यार्थिनीला असे सांगा, की त्या उंदरांत मृत्यू कमी झाला आणि त्याबरोबर जन्मही कमी झाला.

हे एकाच प्रयोगावर उभे नाही. मोगी आणि तोगारी यांनी २००३ साली उंदराच्या हाडाच्या पेशींना प्रयोगशाळेत बीएमपी-४ हे हाड घडवणारे प्रथिन दिले, तेव्हा पेशी मरत नसतानाही त्यांच्यात कॅस्पेज सक्रिय झालेले आढळले, आणि कॅस्पेज रोखल्यावर त्या पेशींचे ऑस्टिओब्लास्टमध्ये होणारे रूपांतर थांबले. हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्टच्या घडणीतही कॅस्पेज-३ चा सहभाग उंदरांत दाखवला गेला आहे.

विकर सक्रिय आहे आणि पेशी जिवंत आहे, हे कसे शक्य होते? मला स्वतःला या विषयातील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. मरणाऱ्या पेशीत कॅस्पेजची लाट येते आणि शेकडो प्रथिने कापली जातात. घडणाऱ्या पेशीत ते थोड्या प्रमाणात, थोडा वेळ आणि पेशीच्या मर्यादित भागात सक्रिय होते. त्याला आवर घालणारी प्रथिने शेजारीच असतात. आणि काही महत्त्वाची प्रथिने झाकून ठेवली जातात. लाल रक्तपेशी तयार होताना हे स्पष्ट दिसते. तिथे कॅस्पेज-३ सक्रिय होते, पण त्या पेशीच्या घडणीसाठी अत्यावश्यक असलेल्या गाटा-१ या प्रथिनाला एचएसपी-७० हे प्रथिन संरक्षण देते. ते संरक्षण काढले की गाटा-१ कापले जाते आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. म्हणजे निकाल विकराच्या असण्यानसण्यावर लागत नाही. ते काय कापू शकते आणि काय कापू शकत नाही, यावर लागतो.

ऑस्टिओब्लास्टच्या मृत्यूबद्दल तुम्ही वाचले ते चुकीचे नाही. हाड घालून झाल्यावर निम्म्याहून अधिक ऑस्टिओब्लास्ट ॲपॉप्टोसिसने मरतात, असा अंदाज आहे. उरलेल्यांपैकी काही हाडात गाडल्या जाऊन ऑस्टिओसाइट होतात, काही पृष्ठभागावर चपट्या होऊन राहतात. स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हाड ठिसूळ होते, त्यात ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओसाइटचा वाढलेला मृत्यू हे एक मोठे कारण आहे, हे १९९८ साली उंदरांत आणि रुग्णांच्या हाडात दाखवले गेले. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवले, की पॅराथायरॉइड संप्रेरकाची रोजची टोचणी ऑस्टिओब्लास्टचे आयुष्य वाढवते. पण ही टोचणी कॅस्पेजला थेट हात लावत नाही. पेशीला जगण्याचा संदेश वरून देते. दुसऱ्या बाजूने, ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक आम्ल यांसारखी औषधे हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्टमध्ये कॅस्पेज सक्रिय करतात आणि त्यांना मरणाकडे नेतात. हाडाच्या वैद्यकात मृत्यूची विकरे वापरली जातात ती अशी, ठरावीक पेशीपुरती. शरीरभर कॅस्पेज रोखणे हा हाडासाठी मार्ग नव्हे.

दंतविज्ञान_संशोधक

मॅडम, तुमच्या मूळ प्रश्नात फक्त लांब हाडे आहेत, म्हणून थोडे जबड्याबद्दल लिहिते. कवटीची बरीच हाडे आणि जबड्याचे हाड कूर्चेच्या साच्याशिवाय, थेट ऊतीच्या पडद्यातून तयार होतात. तिथे मारण्यासाठी फुगीर पेशींचा थरच नाही. मग तिथे कॅस्पेजला काम काय असावे?

ब्रनो येथील चेक संशोधकांच्या गटाने २०१४ साली कॅस्पेज-७ बद्दल याचे उत्तर शोधले. उंदराच्या गर्भात हाड घडायला सुरुवात झाल्यापासूनच, जबड्यात आणि पायाच्या हाडातही, सक्रिय कॅस्पेज-७ सापडले, आणि ते असलेल्या अनेक पेशींत मरणाची एकही खूण नव्हती. कॅस्पेज-७ नसलेल्या प्रौढ उंदरांत जबड्याकडच्या हाडाचे आकारमान कमी झाले, पण त्याची खनिज घनता बदलली नाही. पायाच्या हाडात बरोबर उलटे: आकारमान तेवढेच, घनता कमी. जबड्याच्या सुरुवातीच्या घडणीत हाड घडवण्याशी संबंधित दोन जनुके, एमएसएक्स-१ आणि स्मॅड-१, मंदावलेली दिसली.

एकाच विकराचा अभाव दोन प्रकारच्या हाडांत दोन वेगळे परिणाम करतो, हे मला फार बोलके वाटते. दातांवर काम करताना आम्ही जबड्याचे हाड आणि मांडीचे हाड एकच समजून चालत नाही; त्यामागे असे आणखी एक कारण सापडले.

ऊतिशास्त्र_प्राध्यापक

बोटांमधल्या पडद्याचे उदाहरण तुम्ही काढून टाकू नये, असेही सुचवतो. कोंबडीच्या पिलाच्या पायात बीएमपी हा संदेश बोटांमधील पेशींना मरायला सांगतो आणि बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात ग्रेमलिन हे प्रथिन तोच संदेश अडवते आणि पडदा टिकून राहतो. बीएमपी हा हाड घडवणारा संदेशही आहे. एका जागी हाड घालायला सांगणारा संदेश शेजारच्या जागी मरायला सांगतो, हे विद्यार्थ्यांना हाडाच्याच प्रकरणात दाखवता येईल.

प्रात्यक्षिकाबद्दल एवढेच. सूक्ष्मदर्शक नसेल तरी चालते. वयाने लहान कोंबडीच्या तंगडीचे वरचे टोक खाटकाकडून धारदार सुरीने मधोमध उभे चिरून घ्यावे. टोकाची गुळगुळीत पांढरी कूर्चा, तिच्याखाली निळसर, किंचित पारदर्शक अशी ग्रोथ प्लेटची पट्टी आणि तिच्याखाली लालसर, सच्छिद्र नवे हाड असे थर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. नखाने दाबून पाहिले तर पट्टी दबते आणि खालचे हाड दबत नाही. कुक्कुटपालन करणाऱ्यांना या पट्टीचा बिघाडही ओळखीचा असतो: वेगाने वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये कधी कधी इथे रक्तवाहिन्या शिरत नाहीत, कूर्चेचा पांढरा गोळा हाडाच्या आत तसाच राहतो आणि पक्षी लंगडू लागतो.

महाविद्यालयात स्लाइड तयार करण्याची सोय असेल, तर हाडातील खनिज काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरू नका. ईडीटीएच्या (कॅल्शियम हळूहळू ओढून घेणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात हाड सावकाश मऊ होऊ द्या, म्हणजे पेशींची आणि प्रथिनांची नासाडी कमी होते. आणि पुढे कधी विद्यार्थिनीने सक्रिय कॅस्पेज दाखवणारे रंजन (स्टेनिंग) पाहिले, तर रंगलेली प्रत्येक पेशी मरणारी आहे असे तिने समजू नये. डीएनएचे तुकडे दाखवणारी चाचणी आणि केंद्रकाचा आकार या दोन्ही गोष्टी त्याच छेदात, त्याच पेशीत शेजारी ठेवून पाहाव्यात आणि मगच त्या पेशीबद्दल मत द्यावे.